बॅगेतल्या तीन बाटल्या



मागच्या महिन्यात आपल्या रेडिओ केंद्रावर एका ताईंचा फोन आला होता. लेकीचं बाळंतपण करायला त्या पहिल्यांदाच परदेशी निघाल्यात. त्यांनी विचारलं, "येताना जावयानं वाईनची बाटली दिली तर आणावी का? विमानतळावर धरतात का?" फोन ठेवल्यावर केंद्रातल्या मुली एकमेकींकडे बघून हसल्या आणि मला म्हणाल्या, "काकू, याचं उत्तर तुम्हीच द्या." त्यांचंही खरं आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायला पुढे होते ती मी, आणि परदेशातून बॅगेत तीन बाटल्या घालून आले तीसुद्धा मीच.

तर आज तेवढंच सांगते.

आधी दुकानाचं. आमच्या गावात देशी दारूचं दुकान होतं, शाळेच्या रस्त्यावर. माझा धाकटा दीर त्या दुकानापायी गेला. वय चाळीसही नव्हतं. त्यानंतर आम्ही बचत गटाच्या बायका घरोघर फिरलो, सह्या गोळा केल्या, अर्ज केला आणि मतदान घ्यायला लावलं. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी ते मतदान बघितलं असेल, केलंही असेल. चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे दुकान चालू. आमच्याकडे बाटली आडवी झाली. त्या रात्री सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर गोष्ट अर्धी राहील. आमचा जिल्हा नाशिक. आमची दोन एकर द्राक्षबाग आहे आणि ती द्राक्षं खायची नव्हेत, वाईनची आहेत. खायचं द्राक्ष मोठं, लांबट, बिनबियांचं. वाईनचं द्राक्ष बारीक, जाड सालीचं, आत बिया असलेलं. कंपनीची गाडी येते, क्रेट भरून नेते. गावातले टगे मला तोंडावर म्हणायचे, "दुकान बंद करता आणि द्राक्षं वाईनला घालता?" 2022 च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या किराणा दुकानांत वाईन ठेवायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला आणि त्यावर राज्यभर गदारोळ झाला, तेव्हा आमच्या गटाच्या बैठकीतही दोन तट पडले. मी गप्प बसले. इकडे घरातल्या माणसाचा फोटो भिंतीवर, तिकडे बागेच्या कर्जाचा हप्ता. कुठल्या तोंडानं काय बोलणार?

2023 च्या ऑगस्टमध्ये मी लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीत गेले. श्टुटगार्ट नावाचं शहर आहे, मोटारी बनवणारं. मला वाटलं होतं नुसते कारखाने असतील. बघते तर शहराच्या मधूनच टेकड्यांवर द्राक्षबागा! उतार इतके उभे की आपण हात टेकून चढावं. मी खिडकीतून बघितलं आणि लेकीला म्हटलं, "अगं, आपल्याच कामाला आले की मी."

तिथल्या खेड्यांत एक चाल आहे. द्राक्ष पिकवणारं घर स्वतःच वाईन करतं आणि वर्षातले काही आठवडे आपल्याच घरात, ओसरीत लोकांना बसवून ती विकतं. घर उघडं आहे हे कळावं म्हणून दारावर झाडू टांगतात. केरसुणीच म्हणा ना. आपण लक्ष्मीपूजनाला जी पुजतो ती त्यांनी दुकानाची पाटी केली. कायद्यानं वर्षातून चारच महिने आणि चाळीसच माणसं बसतील एवढीच जागा, त्याहून जास्त नाही. जेवण साधं, घरच्या बायकांच्या हातचं. लेक, जावई, बाळ आणि मी अशा एका घरी गेलो. सत्तरी ओलांडलेल्या एक आजीबाई होत्या, गुडघे दुखणाऱ्या, माझ्यासारख्याच. लेकीनं त्यांना सांगितलं की माझी आईही द्राक्षं पिकवते. त्यांनी माझे हात हातात घेऊन उलटसुलट बघितले. छाटणीच्या कात्रीनं जिथे घट्टे पडतात, तिथे त्यांनी बोट ठेवलं. भाषा कुणाला पाहिजे होती?

मग त्यांनी बाटली दाखवली. बाटलीवर त्यांच्या घराचं नाव, गावाचं नाव, ज्या टेकडीवरची द्राक्षं त्या टेकडीचंसुद्धा नाव. मी लेकीकडून दोनदा वाचून घेतलं. आमच्या क्रेटवर नुसता नंबर असतो. पंधरा वर्षं द्राक्षं पिकवली, पण कुठल्या बाटलीत गेली ते मला आजही माहीत नाही. मला ती बाटली घरी न्यायची होती. पिण्यासाठी नाही. आमच्या घरच्यांना दाखवायची होती, की बघा, असंही असतं.

आजीबाई पैसे घेईनात. मी दिलेच, 8 युरो, आणि पावतीही मागितली. बचत गटाची सवय, पावतीशिवाय पैसा हलत नाही. जावई हसला, पण ती पावती पुढे कामाला आली.

निघायच्या आदल्या दिवशी जावयानं आणखी दोन बाटल्या आणल्या, पुण्याला त्याच्या वडिलांसाठी. व्याह्यांना नाही कशी म्हणणार? बाटल्या बॅगेत भरल्या. आता इथे नीट ऐका. बाटली हातातल्या पिशवीत चालत नाही. विमानात बरोबर न्यायच्या सामानात बहुतेक विमानतळांवर 100 मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतलं काही पातळ नेता येत नाही, मग ते पाणी असो, तेल असो की वाईन. ती मोठ्या बॅगेतच जायला हवी, जी आपण काउंटरवर देतो. विमानतळाच्या आतल्या ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेली बाटली तेवढी हातात चालते, कारण ते लोक ती सीलबंद पिशवीत पावतीसकट देतात. ती पिशवी घरी पोचेपर्यंत फोडायची नाही. आणि वाईनची भरलेली एक बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते. तीन बाटल्यांनी माझ्या 23 किलोतले जवळजवळ चार किलो खाल्ले. बाळाचे छोटे झालेले कपडे मी भाचीसाठी आणणार होते, ते तिथेच राहिले. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग जुन्या साडीत गुंडाळली आणि बॅगेच्या बरोबर मध्यात ठेवली, चारी बाजूंनी कपडे. लाल वाईन फुटली तर सगळी बॅग गेली समजा, तो डाग निघत नाही.

मुंबईला पहाटे उतरले. पासपोर्टवर शिक्का झाला आणि बॅगा यायच्या पट्ट्याकडे चालले. तिथेही एक ड्यूटी फ्री दुकान आहे, उतरणाऱ्या लोकांसाठी. दुकानाशी एक चांगला कपड्यातला माणूस माझ्याजवळ आला. "काकू, तुम्ही काही घेणार नाही ना? मग तुमच्या पासपोर्टवर मी दोन बाटल्या घेऊ का? पैसे माझेच." माझ्या डोक्यावरचा पदर बघून त्याला वाटलं असेल, ही कशाला पिणार! बोलणं इतकं गोड, आणि शेजारी त्याची बायकोही उभी. क्षणभर मलाही वाटलं, आपलं काय जातंय?

पण मैत्रिणींनो, आपलं बरंच काही जातं. तिथे बाटली घेताना पासपोर्ट आणि विमानाचं तिकीट तपासून बिल करतात. बिलावर नाव माझं येणार. आणि आपल्या कायद्यात एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिसळता येत नाही. नवरा-बायकोचीसुद्धा नाही. घरातली चार माणसं एकत्र आली म्हणून चौघांच्या वाटणीचा माल एकाच्या बॅगेत टाकून चालत नाही. मी त्याला म्हटलं, "माझ्याच बॅगेत आहेत हो तीन." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

हे मी त्याला म्हणाले खरी, पण तोंडातून "तीन" निघालं आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण समोरच्या फलकावर लिहिलं होतं, मद्य किंवा वाईन दोन लिटरपर्यंत. मी मनात हिशोब मांडला. एक बाटली 750 मिलिलिटर. दोन बाटल्या दीड लिटर. तीन बाटल्या सव्वादोन लिटर.

पाव लिटर जास्त.

दोन लिटर म्हणजे सगळं मिळून दोन लिटर. वाईन दोन आणि व्हिस्की आणखी दोन, असं नाही. परदेशातून बॅगेत आणलेली आणि उतरल्यावर इथल्या दुकानात घेतलेली, दोन्हींची बेरीज करायची. आम्ही दुधाचा हिशोब पाव लिटरपर्यंत लिहितो, आणि बाटल्यांचा हिशोब करायचं तिघांपैकी कुणालाच सुचलं नाही. त्यातली एक बाटली अर्ध्या लिटरची घेतली असती तर बरोबर दोन लिटर भरले असते. अर्ध्या लिटरच्या बाटल्या तिथे मिळतात. हे शहाणपण मला मुंबईत आलं.

बाहेर पडायला दोन वाटा असतात, हिरवी आणि लाल. हिरव्या वाटेनं गेलात म्हणजे तुम्ही न बोलता सांगितलंत, की माझ्याकडे कर भरण्यासारखं काही नाही. जाहीर करायचं काही असेल तर लाल वाटेनं जायचं. सगळी गर्दी हिरवीकडे चालली होती. लाल वाटेवर जवळजवळ कुणी नव्हतं. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, "जा हो सरळ, कोण बघतंय बायकांच्या बॅगा?" खरंच कदाचित कुणी बघितलं नसतं. पण बॅगा क्ष-किरणांच्या यंत्रातून जातात आणि बाटलीचा आकार त्यात लपत नाही. हिरव्या वाटेवर जास्तीचा माल सापडला तर तो नुसता जास्तीचा राहत नाही, लपवलेला ठरतो. 1962 च्या कस्टम कायद्याखाली माल जप्त होतो, वर दंड बसतो, आणि बाब मोठी असेल तर अटकसुद्धा. मला तर वेगळंच दिसत होतं. गावात बातमी जाईल, दारूबंदीवाली बाई दारू आणताना धरली. दीर गेल्यावर ज्या बायका माझ्या पाठीमागे चालल्या होत्या, त्या काय म्हणतील?

मी लाल वाटेनं गेले.

टेबलामागे एक तरुण अधिकारी होता. मी म्हटलं, "साहेब, बाटल्या तीन आहेत, सव्वादोन लिटर भरतात. मला आत्ताच कळलं." त्यानं वर बघितलं. बहुतेक पाव लिटरसाठी कुणी येत नसावं. "कुणासाठी काकू?" मी सांगितलं, दोन व्याह्यांच्या, एक माझी. "तुमची?" म्हटलं, "दाखवायला." तो हसला नाही, एवढं मात्र त्याचं कौतुक. पावती आहे का म्हणाला. मी आजीबाईंची पावती काढून दिली. दोन बाटल्या सवलतीत गेल्या. तिसरीवर म्हणाला, कर भरा, नाहीतर बाटली इथे सोडून द्या. वाईनवर तेव्हा दीडशे टक्के कर होता. 8 युरो म्हणजे सातशे-सव्वासातशे रुपये, आणि त्यावर कर हजाराच्या वर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

मी भरला. माझ्या स्वतःच्या पैशातून, आणि पावती घेतली. आजही ती पावती बाटलीच्या गळ्याला दोऱ्यानं बांधलेली आहे.

आता फोनवाल्या ताईंसाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. दोन लिटरच्या आत असेल तर कर नाही, पण त्या बाटल्यांची किंमत तुमच्या एकूण सवलतीत धरतात. मी आले तेव्हा ती 50,000 रुपये होती, म्हणजे वाईन, चॉकलेट, भांडी, जावयानं दिलेला मिक्सर, सगळं नवं सामान मिळून. तेव्हा नेपाळ, भूतान किंवा म्यानमारहून येणाऱ्यांना सवलत कमी असायची. हे आकडे सरकार अधूनमधून बदलतं, म्हणून निघायच्या आठवड्यात कस्टमच्या वेबसाईटवर किंवा त्यांच्या 'अतिथी' नावाच्या ॲपवर नातवंडांकडून बघून घ्या. शेजारणीच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर जाऊ नका. माझ्याही नाही.

जाताना अंगावर सोन्याचे जास्त दागिने असतील तर निघतानाच कस्टमच्या टेबलावर दाखवून त्यांचं प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परत येताना स्वतःचंच सोनं स्वतःचं आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. आणि बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू नेणार असाल तर देश कोणता ते आधी बघा. आपली साधी खसखस दुबईला नेणं गुन्हा आहे. जर्मनीत बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणून माझी घरच्या तुपाची बरणी मी रडत रडत घरीच ठेवली होती.

सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्याची बाटली घेऊ नका. ओळखीच्याची नाही, गावच्या माणसाची नाही, "फक्त भावाला द्या" म्हणणाऱ्या पोराची तर मुळीच नाही. दारूच्या बाटल्यांत अमली पदार्थ विरघळवून आणल्याची प्रकरणं विमानतळांवर पकडली गेलेली आहेत. बाहेरून बाटलीसारखी बाटली, सील तसंच. बॅग तुमची, तर आतला माल तुमचा, असंच कायदा आधी धरतो. मला कुणीतरी दिली होती, हे तुरुंगात बसून सिद्ध करावं लागतं आणि त्यात वर्षं जातात. जावयानं दिलेली बाटलीही कुठून आणली, पावती कुठे आहे, हे विचारायला लाजू नका.

आणखी एक गोष्ट फार जणींच्या लक्षात येत नाही. कस्टम केंद्र सरकारचं आहे, दारूचा कायदा राज्याचा. विमानतळावर सोडलं म्हणजे सगळीकडे सोडलं असं नसतं. आपल्याच राज्यात वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. मुंबईला रीतसर सोडवलेली बाटली घेऊन तिथल्या घरी गेलात तर तो गुन्हा होतो. गुजरातेत आणि बिहारमध्येही तसंच. आणि बाकी महाराष्ट्रातसुद्धा 1949 चा दारूबंदी कायदा आहेच, दारू प्यायला परवाना लागतो. म्हणून वर्ध्याच्या ताई ऐकत असतील तर त्यांना माझं सांगणं, बाटली जावयालाच ठेवू दे. लेबलाचा फोटो आणा.

घरी पोचले. व्याह्यांच्या बाटल्या पुण्याला गेल्या. तिसरी मी दोन दिवस कपाटात साड्यांखाली ठेवली. मग मलाच लाज वाटली. लाल वाटेनं मुंबईत उजळ माथ्यानं आले आणि स्वतःच्या घरात लपवते? गटाच्या बैठकीत मी ती बाटली घेऊन गेले आणि सतरंजीवर मधोमध ठेवली. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग मी टेकडी सांगितली, आजीबाई सांगितल्या, दारावरची केरसुणी सांगितली. कस्टमची पावती वाचून दाखवली. एक जण म्हणाली, "म्हणजे तिच्या बाटलीवर तिच्या शेताचं नाव, आणि आपण आपले नुसते क्रेट." दुसरी जाऊ शेजारी बसली होती, धाकट्या दिराची बायको. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिनं बाटली उचलली, लेबलावरून बोट फिरवलं, आणि मला विचारलं, "फोडणार आहे का कुणी?"

मी नाही म्हटलं.

"मग ही अशी उभी नको ठेवूस," ती म्हणाली.

आणि गंमत बघा. निघताना आजीबाईंनी लेकीकरवी मला हेच बजावलं होतं. बुचाची बाटली उभी ठेवली तर बूच सुकतं आणि आत हवा जाते. वाईनची बाटली आडवीच ठेवायची असते. आमच्या कपाटात ती अजून आडवी आहे.